श्रावणातल्या शुक्रवारचं निमित्त

गर्भनिरोधनावर संशोधन करते असं सांगितलं की मराठी माणसं हवापाण्याकडे वळतात, हा माझा नेदरलँड्समधला बारा वर्षांचा अनुभव. गणपतीच्या आरतीनंतर कागदी द्रोणातला शिरा खाताना कुणीतरी विचारायचं, "तुम्ही कशावर काम करता?" मी सांगायचे. मग समोरच्याला एकदम आठवायचं की आपण गाडी चुकीच्या जागी लावली आहे. म्हणून पुढे पुढे मी "सार्वजनिक आरोग्य" एवढंच म्हणायला लागले. २०२० चा मार्च उजाडेपर्यंत त्यालाही कुणी विचारत नव्हतं. मग मात्र माझा भाव वधारला. आइंडहोव्हेनमध्ये चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करणारे, अवघ्या जगाला आपल्यावाचून फोन मिळणार नाही असं मानणारे इंजिनियर मला विचारू लागले की भाजी साबणाने धुवायची का. मी म्हणायचे, धुवा. दुसरं काय म्हणणार?

माझं खरं काम वेगळंच होतं. बाहेरच्या देशांतून इथे आलेल्या बायकांना लॉकडाऊनमध्ये गोळ्या, कॉपर-टी, डॉक्टरांची भेट हे मिळतं की नाही, याचा आमचा अभ्यास चालला होता. आधी ठरलं होतं ते असं की बायकांच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि चहा पीत पीत विचारायचं. मार्चनंतर विद्यापीठाने फर्मान काढलं की आता सगळं फोनवर. आमची प्रकल्पप्रमुख म्हणजे एक उंच, तरतरीत डच बाई, तिला यात काहीच वावगं वाटलं नाही. फोनवर बायका जास्त मोकळेपणाने बोलतात, असं तिचं मत होतं. तिच्या ओळखीच्या बायका बोलत असतील. माझ्या बायकांचे नवरे जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून बसले होते, पोरं सोफ्यावर उड्या मारत होती आणि फोन स्पीकरवर होता, कारण हात कणकेत.

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, "या क्षणी तुमच्या आसपास कुणी आहे का?" हा प्रश्न फार विचारपूर्वक घातलेला होता, त्यावर दोन बैठका झाल्या होत्या. मी तो वाचला की पलीकडून नवराच उत्तर द्यायचा, "नाही नाही, विचारा तुम्ही." मी मुकाट्याने 'नाही' वर खूण करायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. हाकणारी मी होते, आणि अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या सहाव्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमधून हाकत होते.

नीउ-व्हेनेप गावातल्या एका मुलीची मुलाखत अशीच झाली. तिशीतली, मूळची सांगलीकडची, इलेक्ट्रिकल इंजिनियर. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली, चार वर्षांची मुलगी. सासू फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली होती ती विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली होती. फोन सासूनेच उचलला. सुनेचा फोन नेहमी तीच उचलायची, हे मला पुढे कळलं. "कोण बोलतंय?" "कशाबद्दल?" "मराठी आहात का? कुठल्या?" अशी माझी झडती झाल्यावर फोन सुनेकडे गेला. वीस मिनिटं मी प्रश्न विचारले आणि वीस मिनिटं ती म्हणाली, "छान आहे सगळं." गोळ्या मिळतात? छान. डॉक्टर भेटतात? छान. मी फॉर्म भरला, 'अडचण नाही' असं लिहिलं आणि वरणाला फोडणी दिली.

संध्याकाळी तिचा स्वतःहून फोन आला. मागे खळाखळा काचा फुटण्याचा आवाज होता. ती कोपऱ्यावरच्या काचेच्या कचरापेटीत लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या टाकायला आली होती. त्या घरात एकटीने बाहेर पडायचं तिचं तेवढंच निमित्त होतं, आणि बाटल्या पाचच होत्या.

"ताई, सकाळचं सगळं खोडा," ती म्हणाली.

तिच्या गोळ्या संपून पाच आठवडे झाले होते. डॉक्टरकडे घराची नोंद नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवऱ्याच्या ईमेलवर. औषधं मागवायची ती त्याच्या अ‍ॅपवरून, आणायची त्याच्या गाडीतून. आपल्या लोकांचा हा ठरलेला रिवाज आहे. इथे उतरल्या उतरल्या पहिल्या आठवड्यात नवरा सगळे फॉर्म भरतो, सगळीकडे आपला नंबर टाकतो, आणि बायको त्याला हुशार म्हणते. पाच आठवड्यांपूर्वी हा हुशार माणूस म्हणाला की कोविडमुळे औषधांच्या दुकानात गोळ्याच येत नाहीयेत. गोळ्यांचा कसलाही तुटवडा नव्हता. ते मला माहीत असणं हीच तर माझी नोकरी होती.

"मला आर्नहेमच्या वीज कंपनीत नोकरी मिळालीय, सप्टेंबरपासून," ती म्हणाली. "पाच वर्षांनी. घरातून काम, आठवड्यातून एकदा जायचं. हा म्हणतो, नोकरी कर ना, मी कुठे नको म्हणतो? पण आधी दुसरं उरकून घेऊ. आई आहे इथे, मी घरी आहे, असा चान्स परत यायचा नाही. आई पण रोज म्हणतात, दुसरं कधी, दुसरं कधी. तीन आठवडे मी लेकीच्या खोलीत झोपतेय, तिला भीती वाटते म्हणून सांगून. पण हे किती दिवस चालणार?"

मग शेवटची बाटली फुटली आणि ती गेली.

महामारीला दैवी संधी मानणारा हा माणूस मी पाहिलेला होता. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत तो स्टेजवरून स्त्रीशक्तीवर बोलला होता, पीपीटीसकट.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बैठकीत मी नाव-गाव न सांगता ही गोष्ट प्रमुखबाईंपुढे ठेवली. तिने डोकं तिरकं करून ऐकलं. मग म्हणाली, "पण ती स्वतः डॉक्टरला फोन का करत नाही? नोंदणीतला नंबर बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. या देशात बाईला कुणाची परवानगी लागत नाही." मी म्हटलं, देशात लागत नाही, घरात लागते. ती म्हणाली, हे फार छान वाक्य आहे, अहवालात घेऊ. आणि मग तिने मला आठवण करून दिली की आपण निरीक्षक आहोत, सेवा देणारे नाही. अशा वेळी सहभागी स्त्रीला माहितीपत्रक पाठवायचं असतं. माहितीपत्रक हिंदीत होतं, त्यावर हसऱ्या पिवळ्या फुलांचं चित्र होतं, आणि ते पोस्टाने जाणार होतं. ज्या घरात पोस्ट सासू उघडते त्या घरात. मी कॅमेरा बंद केला आणि दोन शिव्या दिल्या. त्या मराठीत होत्या, त्यामुळे माइक चालू राहिला असता तरी हरकत नव्हती.

मग मी निरीक्षण सोडलं. माझ्या घराजवळ सुईणींचा एक दवाखाना आहे. सुईण म्हणजे इथे पदवीधर, सायकलवरून येणारी, कॉपर-टी बसवायचाही परवाना असलेली बाई. तिने सांगितलं, बसवते, पण शुक्रवारीच, आणि पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आणा, म्हणजे दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. विम्यातून नको होतं, कारण विम्याचं खातंही नवऱ्याच्या नावावर. तो खर्च मी माझ्या कार्डावर घेतला आणि त्या मुलीला पुढे कधी हा विषय काढू दिला नाही. उरला प्रश्न एकच. तिला तीन तास घराबाहेर काढायचं कसं? मैत्रिणीकडे जाते म्हणावं, तर कोविड. दुकानात, तर नवरा गाडी काढणार. डॉक्टरकडे, तर नवरा आधी फोन करणार.

श्रावण सुरू होता. कॅलेंडरकडे बघता बघता मला जिवतीचा शुक्रवार दिसला आणि मी स्वतःवर खूश झाले.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. हळदीकुंकू या प्रकाराचा मला आयुष्यभर तिटकारा आहे. माझे वडील गेले तेव्हा मी नववीत होते. आळीतल्या ज्या बायकांनी त्या वर्षीपासून माझ्या आईला बोलावणं बंद केलं, त्या मला दारावरच्या पाट्यांसकट पाठ आहेत. संक्रांतीला त्या आमच्या दारावरून पुढे जायच्या, कुणी तर मलाच हाक मारून तिळगूळ द्यायच्या आणि "आईला सांग हं" म्हणायच्या. काय सांग? मी पुढे भाषणांत, लेखांत या प्रथेची पिसं काढली. इथल्या मराठी बायकांनी बोलावलं तर मी तोंडावर नाही म्हणत आले आणि त्यांच्यात शिष्ट ठरले, आनंदाने ठरले.

आणि त्या श्रावणात मला याच प्रथेत दोन सोयी दिसल्या. एक म्हणजे तिथे पुरुष येत नाही. दुसरी म्हणजे या मुलीची सासू विधवा होती. तिला बोलावणं नसणार, ती सोबत येऊ शकणार नव्हती. मी आधी पहिलीच सोय मनात धरली. दुसरीकडे बघायचं टाळलं, पण योजना टिकली ती दुसरीवरच.

पाळी आली की कळव, असं मी त्या मुलीला पुढच्या बाटल्यांच्या फेरीत सांगून ठेवलं होतं. एका गुरुवारी सकाळी तिचा मेसेज आला, "आज." एवढाच. मी लगेच फोन लावला. उचलला सासूने.

"उद्या शुक्रवार," मी माझ्या आवाजात नसलेला गोडवा ओतून म्हटलं, "आमच्याकडे हळदीकुंकू आहे. फार कुणी नाही, एकेकीला वेगवेगळ्या वेळी बोलावलंय, कोविडचे नियम पाळून. सूनबाईंना पाठवाल का?"

मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"पाठवते की," ती म्हणाली. "किती वाजता?"

"अकरा."

"बरं. आम्हाला काय, आम्ही घरीच."

मी फोन ठेवला. ते "आम्ही घरीच" मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. माझी आई अगदी त्याच सुरात म्हणायची. पण मला त्या दिवशी सासूबद्दल कणव नको होती. रोज "दुसरं कधी" म्हणणारी, सुनेचा फोन उचलणारी, पोस्ट फोडणारी बाई. तिच्याबद्दल माझं मत बनून तयार होतं आणि तयार मत मोडायला मला कधीच आवडत नाही.

शुक्रवारी ती मुलगी स्टेशनवर उतरली ती निळ्या काठपदराच्या साडीत, वर रेनकोट, तोंडावर मास्क, केसांत कुंडीतली कसलीशी पांढरी फुलं. नवरा गाडीने सोडायला निघाला होता, पण त्याची आई त्याला म्हणाली होती, बायकांच्या कार्यक्रमात तुझं काय काम, जाऊ दे तिला आगगाडीने. मी मनात म्हटलं, चला, सनातनीपणाचाही कधी उपयोग होतो.

दवाखान्यात सोबत कुणाला घेत नव्हते. मी बाहेर सायकलींच्या कठड्याला टेकून उभी राहिले. तपासणीत काही वेगळंच निघालं तर? पाच आठवड्यांतले दोन आठवडे ती लेकीच्या खोलीत नव्हती. काल आलंय ते पाळी नसून दुसरंच काही असलं तर? मी लोकांना शिकवते की भीती ही माहितीच्या अभावातून येते. माहिती माझ्याकडे पोतंभर होती आणि तरी मी नखं खात होते, मास्क खाली ओढून.

पाऊण तासाने ती बाहेर आली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम.

"झालं," ती म्हणाली. "दुखलं. पण झालं."

दहा वर्षांसाठी झालं होतं. आम्ही कट्ट्यावर बसलो. तिने पोट धरलं होतं आणि ती हसत होती, मग थोडी रडली, मग तिने विचारलं, "ताई, कुंकू?"

कुंकू माझ्या घरात नव्हतं. कधीच नव्हतं. मी धावत भारतीय वंशाच्या सुरिनामी माणसाच्या दुकानात गेले. तिथे कापूर, अगरबत्ती, हळद, कुंकू, सगळं मिळतं. फुटाणेही मिळाले. दुधाचा डबा घेतला. पिशवीतून फुटाण्याची पुडी तिच्या पदरात दिली आणि भर रस्त्यात मास्कच्या वर तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. थोडं कुंकू मास्कवर सांडलं. लेकरांच्या रक्षणासाठी ज्या दिवशी जिवती पुजतात त्याच दिवशी हे आम्ही केलं. जिवतीला हरकत असती तर तिने काही केलं असतं. तिने काही केलं नाही. मुलगी सव्वाच्या गाडीने घरी गेली.

शनिवारी मी तिचा फॉर्म पुन्हा उघडला. 'अडचण नाही' खोडून खरं लिहायला हात उचलला आणि थांबले. नीउ-व्हेनेप, चार वर्षांची मुलगी, अडकलेली सासू, आर्नहेमची नोकरी, यातल्या दोन गोष्टी जरी अहवालात आल्या असत्या तरी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चहा निवायच्या आत नाव निघालं असतं. मी 'अडचण नाही' तसंच ठेवलं. पुढे अहवाल आला. भारतातून आलेल्या उच्चशिक्षित कुटुंबांतल्या स्त्रियांना महामारीत फारशी अडचण आली नाही, असा त्यात निष्कर्ष होता. माझं छान वाक्यही होतं, प्रस्तावनेत, माझ्या नावाशिवाय. मी टाळ्या वाजवल्या. इतक्या जणींनी स्पीकरवर "छान" म्हटल्यावर दुसरं काय निघणार होतं? आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

पण त्याआधी, त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारीच, सुनेच्या नंबरवरून फोन आला. मी "बोल गं" म्हणाले.

"मी बोलतेय, तिची सासू," पलीकडून आवाज आला. "ती पोरीला घेऊन बागेत गेलीय. मुलगा मीटिंगात आहे. दोन मिनिटं आहेत ना?"

मी काय काय उत्तरं द्यायची ते मनात जुळवू लागले. किती बायका आल्या होत्या, काय वाण दिलं. तिने तसलं काही विचारलंच नाही.

"शुक्रवारी तिचा दुसरा दिवस होता," ती म्हणाली. "मला सांगितलं नव्हतं तिने. पण एका न्हाणीघराच्या घरात काय लपतंय? आमच्यात अडचण असली की बाई हळदीकुंकवाला जात नाही. पाच वर्षांत तिने कधी मोडलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून पाळते ती, मला ठाऊक आहे. आणि ती साडी नेसून निघाली. तेव्हा मी म्हटलं, हे हळदीकुंकू नव्हे."

पाळीवर मी दोन प्रबंध लिहिले आहेत. पाळी चालू असलेल्या बाईला मी श्रावणातल्या हळदीकुंकवाचं निमित्त दिलं होतं. मला सुचलंच नव्हतं. सुनेला सुचलं असणार आणि ती काही न बोलता साडी नेसली असणार.

"तुम्ही मुलाला—" मी म्हटलं.

"त्याला कशाला सांगू? तो माझं ऐकतो का?" ती म्हणाली. "गाडी काढत होता तेवढा थांबवला."

"पण तुम्हीच तर रोज म्हणता, दुसरं कधी."

"म्हणायचं असतं ते. मी नाही म्हटलं तर तो म्हणेल, आई, तू तरी सांग तिला. मग मला जास्त बोलावं लागेल." मग तिने विचारलं, "पोर बरी आहे ना? दोन दिवस वाकून चालत होती. मी तिला काम लावलं नाही, पाठ दुखते म्हणाली तेच खरं धरलं."

मी सांगितलं की बरी आहे, असं दुखतं चार दिवस. आणि मला लाज वाटली. एरवी दुसऱ्याला लाजवण्यात माझा हातखंडा होता.

"बरं, मी त्यासाठी फोन केला नाही," ती म्हणाली आणि तिने आवाज खाली घेतला. "तुम्ही या बायकांच्या दुखण्यातल्या आहात, असं ती परवा लेकीला सांगत होती. मला एक त्रास आहे. माझं अंग बाहेर येतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून. तेव्हा कमी होतं, आता बसवत नाही. तिकडे कुणाला सांगितलं नाही. इथे मुलाला कसं सांगायचं?"

आमचा अभ्यास पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या बायकांचा होता. त्या घरी मी चार वेळा फोन केला होता, चारही वेळा तो हिनेच उचलला होता, आणि चारही वेळा मी म्हटलं होतं, जरा सूनबाईंना देता का?

"मी डॉक्टर बघते," मी म्हटलं. "लगेच बघते. तुम्ही काळजी करू नका. मी तुम्हाला घेऊन जाईन."

"ते तुम्ही न्याल हो," ती म्हणाली. "पण घरात काय सांगायचं? तिला हळदीकुंकू झालं. माझ्यासारखीला बाहेर काढायला काय निमित्त असतं, तेवढं सांगा, म्हणजे मी तयारीत राहते."

मागे तिच्या मुलाचा मीटिंगमधला आवाज येत होता. मी फोन कानाशी धरूनच कॅलेंडरची पुढची पानं उलटू लागले; बायकांच्या एकाही सणाला तिच्यासारखीला बोलावणं नव्हतं.